गुरुदक्षिणा

मोहरीची कोवळी शेंग अलगद उघडून पाहिली, तर आत इवल्याशा हिरवट कणांची रांग दिसते. अगदी आरंभी, फलन होण्यापूर्वी, हेच कण बीजांडे असतात. पुढे त्यांचीच बीजे होतात. परंतु सर्व वनस्पतींची बीजांडे सारखी नसतात. मिरीचे बीजांड देठावर सरळ उभे असते. एरंडाचे उलटे होऊन देठालगत टेकलेले असते. मोहरीचे वाकलेले असते. फड्या निवडुंगाच्या बीजांडाला तर त्याचा लांब देठच वेढून टाकतो. या सूक्ष्म सृष्टीच्या अभ्यासाला डॉ. पंचानन माहेश्वरी यांनी आपले आयुष्य वाहिले.

त्यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९०४ रोजी जयपूर येथे झाला. अलाहाबादच्या ईविंग ख्रिश्चन महाविद्यालयात विनफील्ड डजियन हे अमेरिकन प्राध्यापक त्यांना गुरू लाभले. त्यांच्यामुळे पंचाननांना वनस्पतिशास्त्राची गोडी लागली. १९३१ साली त्यांना डी.एस्सी. ही पदवी मिळाली. गुरूंचे ऋण फेडण्याची इच्छा त्यांनी एकदा गुरूंपाशीच बोलून दाखविली. तेव्हा, आपण शिष्यासाठी जे केले तेच त्याने पुढे आपल्या विद्यार्थ्यांसाठी करावे, एवढीच दक्षिणा गुरूंनी मागितली.

ती दक्षिणा माहेश्वरी जन्मभर देत राहिले. आग्रा, ढाका इत्यादी ठिकाणी अध्यापन करून १९४९ साली ते दिल्ली विद्यापीठात आले. बीजांडाचे अतिशय पातळ काप करावयाचे, ते रंगवावयाचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून तपासावयाचे, हे काम मोठ्या चिकाटीचे. ते त्यांनी स्वतः केले आणि शिष्यांकडूनही करवून घेतले. १९५० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा सपुष्प वनस्पतींच्या भ्रूणविज्ञानावरील ग्रंथ जगभर मान्यता पावला.

फुलाच्या अंडाशयाबाहेर बीज तयार होईल काय? अफूच्या झाडाची बीजांडे अंडाशयातून काढून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी परीक्षानळीतील पोषक द्रव्यावर ठेवली व त्यांवर परागकण टाकले. परागनलिका वाढल्या, फलन झाले आणि नळीतच बीजे तयार झाली! हा प्रयोग १९६२ साली प्रसिद्ध झाला.

१९६५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्यत्व दिले. एवढा मान मिळूनही शाळेतील मुलांचा त्यांना विसर पडला नाही. त्यांच्यासाठी जीवशास्त्राचे पाठ्यपुस्तक तयार करण्याच्या कामी त्यांनी पुढाकार घेतला.

१८ मे १९६६ रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले. मागे राहिले ते त्यांनी घडविलेले शिष्य. एका बीजापासून अनेक बीजे व्हावीत, तशी गुरूंची ती दक्षिणा शतगुणित झाली होती.