गॅरी किल्डॉल : ज्याची आयडिया त्याच्यावरच उलटली

आज विंडोजमध्ये दिसणारा ‘सी ड्राइव्ह’ पर्सनल कॉम्प्युटरवर आला कुठून? त्यासाठी १९७४ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या गॅरी किल्डॉलकडे जावं लागतं.

तेव्हा चिप एकच असली तरी प्रत्येक कंपनीचं मशीन वेगळं. एकावरचा प्रोग्राम दुसऱ्यावर चालेल याची खात्री नाही. नौदलाच्या कॉलेजात शिकवणाऱ्या गॅरीने सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली आणि पुढे तिच्यातला हार्डवेअरशी बोलणारा छोटा भाग वेगळा काढला. नाव दिलं बायोस. आता मशीन बदललं की फक्त तेवढाच भाग नव्याने लिहायचा, प्रोग्राम तेच!

मग इंटेलची नवी ८०८६ चिप आली. जुने प्रोग्राम तिच्यावर न्यायचे कसे? सिएटलच्या टिम पॅटरसनने १९८० मध्ये तिच्यासाठी सिस्टीम लिहिली. फाईल उघडायला, वाचायला प्रोग्राम सिस्टीमला जी हाक मारतो, ती त्याने सीपी/एमसारखीच ठेवली. त्यामुळे जुने प्रोग्राम थोडक्या बदलांत इकडे आणता येऊ लागले. हीच सिस्टीम मायक्रोसॉफ्टने विकत घेतली आणि १९८१ मध्ये आयबीएम पीसीसोबत डॉस म्हणून बाजारात आली. किंमत ४० डॉलर. गॅरीची सीपी/एम-८६ मिळायची २४० डॉलरला. लोकांनी काय घेतलं, हे सांगायला नको.

गॅरी विमान उडवत बसला म्हणून आयबीएमची संधी हुकली, असं सर्रास सांगितलं जातं. विमान त्याने त्या दिवशी उडवलं खरं, पण कामाच्या भेटीला जाण्यासाठी.

जुलै १९९४ मध्ये, ५२ व्या वर्षी तो गेला. डॉस मात्र प्रत्येक प्रोग्राम सुरू करताना त्याच्यापुढे २५६ बाइट्सचा एक तुकडा मांडत राहिला, आणि त्यात सीपी/एमच्या जुन्या हाकेसाठी राखून ठेवलेली जागा होती.