माक्सिमिलियान निट्झे

माक्सिमिलियान निट्झे (जन्म : १८ सप्टेंबर १८४८, बर्लिन, मृत्यू : फेब्रुवारी १९०६, बर्लिन) हे जर्मन मूत्ररोगतज्ज्ञ होते. सिस्टोस्कोप अर्थात मूत्राशयदर्शक या उपकरणाचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

पार्श्वभूमी

निट्झे यांच्यापूर्वी लघवीतून रक्त जाणाऱ्या रुग्णाच्या मूत्राशयात खडा आहे की गाठ, हे ठरवताना लघवीची तपासणी, आत सरकवलेली धातूची सळई आणि बोटांचा स्पर्श यांवरच विसंबावे लागे. पुष्कळदा मूत्राशय शस्त्रक्रियेने उघडल्यावरच निदान होई. फिलिप बोझिनी यांनी १८०६च्या सुमारास मेणबत्तीच्या प्रकाशात शरीराच्या पोकळ्या पाहण्याचा प्रयत्न केला होता. परंतु बाहेरचा प्रकाश अरुंद नळीतून आत पुरेसा पोहोचत नसे.

कार्य

निट्झे १८७४ मध्ये वैद्यकीय पदवीधर झाले. ड्रेस्डेन येथे रुग्णालयात सहायक असताना, प्रकाशाचे साधनच अवयवाच्या आत न्यावे आणि भिंगांनी दृष्टिक्षेत्र विस्तारावे, असा विचार त्यांनी केला. कारागीर विल्हेल्म डायके यांच्या साहाय्याने तयार केलेल्या उपकरणाचे प्रात्यक्षिक त्यांनी १८७७ मध्ये मृतदेहावर दाखवले. १८७९ मध्ये व्हिएन्ना येथे योझेफ लायटर यांच्या सहकार्याने सुधारित उपकरण सिद्ध झाले. त्यात विजेने तापणाऱ्या प्लॅटिनमच्या तारेचा प्रकाश वापरला होता व उष्णता आवरण्यासाठी पाणी खेळवावे लागे. पुढे श्रेयावरून दोघांत वितुष्ट आले.

निट्झे यांनी १८८७च्या सुमारास छोट्या विजेच्या दिव्याचा अवलंब केला. त्यामुळे पाण्याची गुंतागुंतीची व्यवस्था अनावश्यक ठरली. त्यांचे सिस्टोस्कोपीवरील पाठ्यपुस्तक १८८९ मध्ये, तर मूत्राशयातील दृश्यांचा छायाचित्रसंग्रह १८९४ मध्ये प्रसिद्ध झाला. विजेने तापवलेल्या तारेच्या फासाने मूत्राशयातील गाठी काढण्याचे उपकरणही त्यांनी बनवले.

निदानातील महत्त्व

मूत्राशयाच्या बहुतेक गाठी अस्तरातून उद्भवतात व दर्शकातून दिसतात. स्नायूंची गाठ (लायोमायोमा) किंवा रक्तवाहिन्यांची गाठ (हिमँजिओमा) यांसारखी सौम्य अर्बुदे मात्र दुर्मीळ आहेत. स्नायूंच्या गाठीवर अस्तर अनेकदा अखंड असते आणि तेथे केवळ फुगवटा दिसतो. रक्तवाहिन्यांच्या गाठीचा तुकडा घेताना मोठा रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून गाठ सौम्य की मारक याचा निर्णय केवळ डोळ्यांनी होत नाही. त्यासाठी ऊतकाची सूक्ष्मदर्शकीय तपासणी आवश्यक असते. तथापि गाठ कोठे आहे आणि तिला हात लावणे कितपत सुरक्षित आहे, हे मूत्राशय न उघडता जाणण्याचा मार्ग निट्झे यांच्या उपकरणाने खुला केला.