कापूस, कागद आणि शेठ प्रेमचंद रायचंद

मुंबईच्या व्यापारी इतिहासात शेठ प्रेमचंद रायचंद यांच्याइतका उंच चढलेला आणि इतका खोल पडलेला दुसरा श्रावक सापडणे कठीण. सुरतेच्या ओसवाल जैन कुटुंबातील हा मुलगा वडिलांबरोबर मुंबईस आला, एल्फिन्स्टनमध्ये इंग्रजी शिकला आणि विशीच्या आतबाहेर दलालीत शिरला. इंग्रजी लिहिता-बोलता येणारा देशी दलाल ही त्या काळी अपूर्वाई होती.

1861 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि त्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. खानदेश-वऱ्हाडचा कापूस कल्याण-ठाण्याच्या वाटेने मुंबईच्या धक्क्यावर येऊ लागला. आज वागळे इस्टेट ज्या ठाण्यात उभी आहे, तेथपर्यंत रेल्वे 1853 सालीच पोहोचली होती. कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. चार वर्षांत नेहमीच्या उत्पन्नाखेरीज सुमारे 8 कोटी पौंड मुंबईत आले, असा अंदाज त्या काळी मांडला गेला. परदेशी बाजाराची बातमी इतरांच्या आधी हाती यावी म्हणून प्रेमचंद येणाऱ्या जहाजांकडे आपले पडाव पाठवीत, असे सांगितले जाते.

एवढा पैसा ठेवायचा कोठे, हा प्रश्न तेव्हाच्या व्यापाऱ्यांपुढे होता. सरकारी रोखे चार-पाच टक्के व्याज देत; ते सुरक्षित खरे, पण महागाईने रुपयाची किंमत रोज घटत असताना ते व्याज कोणास पुरेसे वाटेना. माल घेऊन ठेवावा, तर युद्ध थांबताच भाव कोसळण्याची धास्ती. कच्च्या मालाचा साठा करावा की पैसा व्याजी लावावा, हा पेच कारखानदारी करणाऱ्या आजच्या श्रावकासही अपरिचित नाही. मुंबईने तिसरी वाट धरली. नव्या बँका, वित्तसंस्था आणि समुद्र बुजविणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीचा 5,000 रुपयांचा भाग 50,000 रुपयांपर्यंत गेला. या खेळाचे सूत्रधार प्रेमचंदच होते. त्यांच्या शब्दावर बँक ऑफ बॉम्बे भागांच्या तारणावर कर्जे देत गेली. त्यात त्यांचा दोष मोठा होता. दानशूरतेने तो पुसला जात नाही.

1865 च्या एप्रिलमध्ये युद्ध संपल्याची वार्ता आली आणि कापूस गडगडला. 1 जुलै हा वायदे पुरे करण्याचा दिवस. त्या दिवशी कोणाकडेच द्यायला पैसा नव्हता. तारण ठेवलेल्या कागदांना गिऱ्हाईक उरले नाही. बँक ऑफ बॉम्बेचा 2,850 रुपयांपर्यंत चढलेला भाग 87 रुपयांवर आला आणि पुढे ती बँकही बुडाली. असंख्य घरे उद्ध्वस्त झाली. प्रेमचंदांचे वैभवही गेले, परंतु ते मुंबई सोडून गेले नाहीत. पुन्हा दलालीस बसले. 1875 साली देशी दलालांचे मंडळ स्थापन झाले, त्याच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. आजचा मुंबई शेअर बाजार तो हाच.

भरभराटीच्या काळात दिलेली दाने मात्र तेजीबरोबर बुडाली नाहीत. मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी 2 लाख आणि मनोऱ्यासाठी 2 लाख, कलकत्ता विद्यापीठास शिष्यवृत्तीसाठी 2 लाख, अहमदाबादेस शिक्षकांचे प्रशिक्षण महाविद्यालय, शिवाय मंदिरे व धर्मशाळा. परिग्रहाचे परिमाण ठरविणे त्यांना बाजारात साधले नाही, दानात साधले. कलकत्त्याच्या शिष्यवृत्तीची रक्कम मुद्दल राखून व्याजावर चालण्याजोगी होती, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या विद्वान घडवीत राहिली. तेजीत ज्या संथ व्याजाकडे बाजाराने पाठ फिरविली, त्याच व्याजाने हे काम केले.

मनोऱ्याला त्यांनी मातुःश्री राजाबाईंचे नाव दिले. सूर्यास्तानंतर अन्न न घेण्याचे व्रत पाळणाऱ्या त्या माउलीची दृष्टी गेली होती, आणि घंटेच्या ठोक्यांवरून त्यांना वेळ कळे, अशी आख्यायिका आहे. बांधकाम 1869 साली सुरू झाले आणि 1878 च्या नोव्हेंबरात 280 फुटांचा तो मनोरा पुरा झाला. तोपर्यंत दात्याचे वैभव ओसरून तेरा वर्षे लोटली होती. शेठजींचे देहावसान 1906 साली झाले.