विश्लेषण : साध्या मातीची भांडी राणीच्या मेजावर कशी पोहोचली? कोण होते जोसाया वेजवुड?

इंग्लंडमधील स्टॅफर्डशर परगण्यात, बर्सलेम येथील कुंभार कुटुंबात १७३० मध्ये जोसाया वेजवुड यांचा जन्म झाला. नवव्या वर्षी वडील वारले आणि ते घरच्या कामाला लागले. पुढे देवीच्या साथीत उजवा गुडघा अधू झाला. पायाने चाक फिरवणे अवघड झाल्याने त्यांनी माती, झिलई आणि भट्टीचे प्रयोग हाती घेतले. प्रत्येक प्रयोगाची नोंद ठेवली.

पांढुरकी माती, भाजून दळलेली गारगोटी आणि शिशाची पारदर्शक झिलई वापरून मलईच्या रंगाची भांडी तेथे आधीही बनत. त्यांचा रंग मात्र एकसारखा येत नसे. वेजवुड यांनी तो दोष बराच दूर केला. १७६५ मध्ये राणी शार्लट यांच्यासाठी चहाचा संच घडवला आणि ही भांडी ‘क्वीन्स वेअर’ म्हणून गाजली. पोर्सिलेनहून स्वस्त असल्याने ती मध्यमवर्गीय घरांतही पोहोचली.

१७६८ मध्ये तो पाय कापावा लागला. तरी पुढच्याच वर्षी एट्रुरिया हा नवा कारखाना सुरू झाला. तिथूनच रशियाची सम्राज्ञी कॅथरिन हिच्यासाठी ९०० हून अधिक नगांचा संच गेला. १७९५ मध्ये वेजवुड यांचे निधन झाले. चार्ल्स डार्विन हे त्यांच्या मुलीचे पुत्र.