डॉप्लर कोण होते? बाळाचे ठोके ऐकवणाऱ्या मशीनमागचा माणूस

मागच्या वर्षी रात्री साडेअकराला ताईचा फोन आला. तिला आठवा महिना चालू होता. संध्याकाळपासून बाळाची हालचाल कमी वाटतेय, असं ती म्हणाली. पण ऑनलाइन मागवलेल्या छोट्या डॉप्लर मशीनमध्ये ठोके ऐकू येत होते आणि स्क्रीनवर 96 आकडा होता. मग दवाखान्यात सकाळी गेलं तर चालेल का, हे तिने मला विचारलं, कारण घरात टेक्नॉलॉजीचं सगळं मलाच विचारतात. मी बिनधास्त हो म्हणालो.

आईने मात्र माझं ऐकलं नाही. तिला रात्रीच घेऊन गेली. बाळ सुखरूप होतं, पण डॉक्टरांनी एक गोष्ट समजावली. पोटातल्या बाळाचे ठोके साधारण मिनिटाला 110 ते 160 असतात. ते 96 ठोके ताईचे स्वतःचेच होते!

हे मशीन नेमकं ऐकतं तरी काय, हे शोधताना मी ज्या माणसाचं नाव त्यावर आहे त्याच्यापर्यंत पोहोचलो.

पाथरवटाच्या घरातला मुलगा

ख्रिश्चन डॉप्लर यांचा जन्म 29 नोव्हेंबर 1803 रोजी ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग शहरात झाला. घरचा धंदा दगड घडवायचा, पण मुलगा तब्येतीने नाजूक. छिन्नी-हातोडा त्याला झेपणार नाही म्हणून त्याला शिकवायचं ठरलं. व्हिएन्नात गणित आणि भौतिकशास्त्र शिकूनही कायमची नोकरी काही मिळेना. काही काळ त्यांनी सूतगिरणीत हिशेब लिहिले. शेवटी कंटाळून अमेरिकेला जायचं ठरवलं, सामानसुमानही विकलं. तेवढ्यात 1835 मध्ये प्राग शहरातून शिक्षकाच्या नोकरीचं बोलावणं आलं आणि ते थांबले.

25 मे 1842 रोजी प्रागमधल्या विज्ञान संस्थेत त्यांनी एक निबंध वाचला. विषय होता जोडताऱ्यांचा रंग. मुद्दा असा, की लहरी सोडणारी वस्तू आपल्याकडे येत असेल तर लहरी दाटून येतात, लांब जात असेल तर विरळ होतात. ॲम्ब्युलन्स जवळ येताना सायरन चढा आणि पुढे गेल्यावर उतरलेला वाटतो ना, तेच हे.

गंमत म्हणजे ताऱ्यांच्या रंगाबद्दलचा त्यांचा अंदाज बराचसा चुकला, पण नियम बरोबर निघाला. 1845 मध्ये बाइज बॅलट या डच शास्त्रज्ञाने धावत्या रेल्वेवर तुतारीवाले बसवले आणि रुळांशेजारी सुरांचे जाणकार उभे केले. सूर खरंच बदलला!

शेवटची वर्षं

प्रागमध्ये शेकडो विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेता घेता डॉप्लर यांची तब्येत ढासळली. 1850 मध्ये ते व्हिएन्ना विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले. पुढे आनुवंशिकतेसाठी प्रसिद्ध झालेला मेंडेल तिथे त्यांचा विद्यार्थी होता. पण 1852 मध्ये पेट्झवाल या गणितज्ञाने त्यांच्या सिद्धांतावर जाहीर टीका केली. फुप्फुसांचा आजारही बळावला होता. हवापालट म्हणून ते व्हेनिसला गेले आणि तिथेच 17 मार्च 1853 रोजी वारले. वय फक्त 49. मागे पत्नी आणि पाच मुलं. आपला नियम कधी आईच्या पोटापर्यंत पोहोचेल, हे त्यांच्या स्वप्नातही नसेल. बाळाच्या ठोक्यांसाठी तो वापरात आला 1960 च्या दशकात, म्हणजे शंभरेक वर्षांनी.

मशीन काय ऐकतं?

प्रोबमधून सेकंदाला साधारण 20 लाख कंपनांचा आवाज पोटात जातो. आपला कान फार तर 20 हजारांपर्यंत ऐकतो, म्हणून तो आपल्याला कळत नाही. समजा बाळाच्या हृदयाचा भाग सेकंदाला 10 सेंटिमीटर वेगाने प्रोबकडे सरकला, तर परतणाऱ्या आवाजात सुमारे 260 कंपनांचा फरक पडतो. हा फरक कानाला ऐकू येतो, आणि मशीन तोच स्पीकरवर वाजवतं.

म्हणजे आपण हृदयाचा खरा आवाज ऐकतच नाही, ऐकतो ती हालचाल. आणि मशीनच्या लेखी हालचाल कुणाचीही असू शकते. आईच्या रक्तवाहिनीतलं रक्तही तसंच धकधक वाजतं. ताईच्या बाबतीत हेच झालं.

सोनोग्राफीतल्या लाल-निळ्या रंगांचंही असंच. लाल म्हणजे सहसा प्रोबकडे येणारं रक्त, निळं म्हणजे लांब जाणारं. त्याचा शुद्ध-अशुद्ध रक्ताशी संबंध नाही. ते रंग कॉम्प्युटर भरतो.

मग आपण काय करायचं?

- फोनचा स्पीकर 20 लाख कंपनं काढू शकत नाही. नुसत्या फोनवर ठोके ऐकवणारं ॲप फक्त माइक वापरतं. त्यावर विसंबू नका.
- ठोके ऐकू आले म्हणजे हृदयाची रचना ठीक आहे असं नाही. ती साधारण 18 ते 22 आठवड्यांच्या सोनोग्राफीत पाहतात. शंका असेल, आईला आधीपासून मधुमेह असेल किंवा घरात कुणाला जन्मजात हृदयदोष असेल, तर डॉक्टर फीटल इको सांगतात.
- हालचाल कमी वाटली तर मशीन बाजूला ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा. सकाळची वाट पाहू नका.

भाचा आता रांगतोय. ते मशीन ताईने कपाटात टाकलंय, आणि घरातल्या तब्येतीच्या प्रश्नांवर मी आता आधी आईला विचारतो. तुमच्या घरात कुणी गरोदर असेल तर हा लेख त्यांना नक्की पाठवा.