श्रीगाडगे महाराज आणि गरिबाघरचे आजारपण

गाडगे महाराजांचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम खराटा उभा राहतो. शासनाची ग्रामस्वच्छता मोहीमही त्यांच्याच नावाने चालली. खराटा त्यांचाच, यात शंका नाही. परंतु तो कोणत्या घरातून निघून त्यांच्या हाती आला, हे आपण मुलांना क्वचितच सांगतो.

ते घर अमरावती जिल्ह्यातील शेंडगावच्या एका परिटाचे. 23 फेब्रुवारी 1876 रोजी तेथे देबूजीचा जन्म झाला. वडील झिंगराजी दारूपायी अकालीच गेले. आई सखूबाई पोराला घेऊन दापुऱ्याला भावाच्या आश्रयाला आली. कर्त्या पुरुषाच्या व्यसनापायी एका बाईचे घर कसे मोडते, हे देबूने शाळेचे तोंड पाहण्यापूर्वीच पाहिले. आणि शाळेचे तोंड तर त्याने पुढेही पाहिले नाही. मामाकडे तो गुरे राखी, शेतात राबे. मामाची शेती बरी होती, पण लिहिता-वाचता येत नसल्याने सावकाराने कागदावर काय लिहिले ते घरात कोणालाच कळले नाही, आणि जमीन गेली. दारू, कर्ज आणि अक्षरशून्यता या तिन्ही गोष्टी त्या मुलाने एकाच घरात भोगल्या. या तिघींचा संसार एकत्र असतो, हे त्याला कोणा पंडिताने शिकवावे लागले नाही.

पुढे कुंताबाईंशी लग्न झाले, मुलीचे बारसे आले. जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटण यांची पंगत घालायची. देबूजीने गोड जेवण घातले. भाऊबंद रागावले. आज ही गोष्ट लहान वाटते. ज्यांनी रिवाजाखातर कर्ज काढून पंगती घातल्या त्यांना ती लहान वाटणार नाही.

1 फेब्रुवारी 1905 रोजी पहाटे त्यांनी घर सोडले. मागे म्हातारी आई, पत्नी व मुले राहिली. संतचरित्रे या ठिकाणी भराभर पुढे सरकतात. आपण स्त्रियांनी तेथे क्षणभर थांबावे, कारण त्या घरातल्या चुलीचा भार कोणी वाहिला ते आपल्याला सांगावे लागत नाही.

अंगावर चिंध्यांचा अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच आणि हाती मातीचे गाडगे, असा हा फकीर गावोगाव फिरू लागला. दिवसा गावाच्या वाटा झाडायच्या, रात्री कीर्तन करायचे. हे कीर्तन म्हणजे पुराणकथा नव्हे. ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून काढून घेत. मूल तापाने फणफणले की घरची माणसे नवस बोलत. नवस फेडायला बोकड हवा, बोकडाला पैसे हवेत, पैशासाठी सावकार हवा. मूल बरे झाले तरी घर आजारीच राही. ही साखळी महाराज वऱ्हाडी बोलीत हसवत हसवत उलगडून दाखवीत, आणि ऐकणारा हसता हसता गप्प होई. आजार हा दैवाचा कोप नसून घाण पाणी, व्यसन आणि कर्ज यांच्याशी त्याचे नाते आहे, ही गोष्ट त्यांनी निरक्षर श्रोत्यांच्या गळी उतरवली.

मुलांना शिकवण्यासाठी घरची भांडी विका, बायकोला स्वस्तातले लुगडे घ्या, असेही ते सांगत. काटकसरीची सुरुवात नेहमी बायकोच्या लुगड्यापासूनच का, असे मात्र त्यांना विचारावेसे वाटते!

1923 साली त्यांचा एकुलता एक मुलगा गोविंद वारला. खारेपाटणला कीर्तन चालू असता ती वार्ता आली. कीर्तन थांबले नाही.

लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी ऋणमोचनला पूर्णेवर घाट बांधला, पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या, आणि त्यांवर आपल्या कुटुंबाचा हक्क ठेवला नाही. त्यांतील एक धर्मशाळा मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाजवळची. ही मला त्यांची सर्वांत खोल सूझ वाटते. दवाखाना फुकट असला तरी खेड्यातून रोग्याबरोबर आलेली माय किंवा बायको राहणार कोठे, खाणार काय? आपल्या घाटीच्या आवारात गाठोडे उशाशी घेऊन बसलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा प्रश्न नवा नाही. रोजंदारी बुडते, उधारी वाढते, आणि पुष्कळ रोगी उपचार अर्धवट टाकून गावी परततात. महाराजांच्या पश्चात दादरलाही त्यांच्या नावाची धर्मशाळा झाली. कर्करोगाच्या उपचारासाठी आलेले रोगी व त्यांची माणसे तेथे राहतात.

आपल्या शहराशीही त्यांचे एक नाते आहे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. याच संस्थेने पुढच्या वर्षी, 1950 साली, येथे महाविद्यालय काढले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. शाळेत न गेलेल्या माणसाने आपली वास्तू विद्येच्या हाती सोपवली.

6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, 20 डिसेंबरला, आजारी महाराजांना मोटारीने अमरावतीस नेत असता वलगावनजीक पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला. त्यांच्या मालकीचे म्हणून घर कोठेच नव्हते.