रामन राघवचा कानून आणि आपला कायदा

मी लहान असताना आमच्या खालापूर तालुक्यातल्या गावी रात्री जेवायला कुरकुर केली, की आजी बागुलबुवाचे नाव घेत नसे. ती रामन राघवचे नाव घेई. हा रामन राघव राक्षस की दरोडेखोर की भूत, ते मला ठाऊक नव्हते. तो रात्री येतो आणि झोपलेल्या माणसाच्या डोक्यात लोखंडी कांब घालतो, एवढे मात्र पक्के ठाऊक होते. पुढे कॉलेजात मानसशास्त्राच्या तासाला सरांनी मनाच्या विकारांविषयी शिकवताना हेच नाव घेतले आणि मी दचकलो. माझ्या बागुलबुवालाही गाव होते, आजार होता, त्याच्यावर खटला चालला होता, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. मग मिळाले तेवढे वाचून काढले आणि सुटीत घरी गेल्यावर आजोबांना विचारले. आजोबांनी जे सांगितले ते कुठल्याही पुस्तकात नाही. त्यामुळेच हा लेख लिहावासा वाटला.

रामन राघव मूळचा तमिळनाडूतील तिरुनेलवेलीकडचा. मुंबईत त्याला घरदार नव्हते. फुटपाथ, रुळाकडेची झुडपे, उपनगरांतले रान हाच त्याचा निवारा. पोलिसांच्या दप्तरी मात्र त्याला नावे पुष्कळ होती. सिंधी दलवाई, अण्णा, तंबी, वेलुस्वामी असा तो जागोजागी निराळा होई. जबरी चोरीच्या गुन्ह्यात त्याने पाच वर्षे तुरुंगात काढली होती.

१९६५-६६ साली मुंबईच्या पूर्व उपनगरांत, जुन्या जी. आय. पी. रेल्वेच्या कडेने झोपलेल्या माणसांवर एकामागून एक हल्ले झाले. ही जी. आय. पी. म्हणजे आजची मध्य रेल्वे. आपण कर्जतहून लोकलने मुंबईला जाताना खिडकीतून ज्या वस्त्या पाहतो, त्याच बाजूच्या या घटना. एकूण १९ जणांवर हल्ले झाले आणि त्यांतले ९ दगावले. संशयावरून ज्यांना पकडले त्यांत रामन राघवही होता. पण त्याच्याविरुद्ध पुरावा मिळाला नाही आणि त्याला सोडून द्यावे लागले. हल्ले थांबले आणि शहर ते विसरून गेले.

१९६८ च्या पावसाळ्यात ते पुन्हा सुरू झाले. या वेळी उत्तरेकडच्या उपनगरांत. पद्धत तीच. रात्रीची वेळ, गाढ झोपेतला माणूस आणि डोक्यावर कठीण, बोथट वस्तूचा घाव. मेलेली माणसे सगळी गरीब होती. कुणी झोपडीत, कुणी उघड्यावर झोपलेले. ज्याच्या घराला कडी आहे त्याला त्या रात्री थोडी तरी झोप लागत असेल. ज्याच्या दाराला गोणपाटाचा पडदा, त्याने काय करावे? पोलिसांपुढचा पेच याहून मोठा होता. साधारणपणे खुनाचा तपास कारणापासून सुरू होतो. पैसा, जमीन, बाई, जुने वैर यांपैकी काहीतरी सापडते आणि त्या धाग्याने गुन्हेगारापर्यंत जाता येते. इथे मारणारा मेलेल्याला ओळखतही नव्हता.

तपासाची सूत्रे गुन्हे शाखेचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांनी हाती घेतली. पुढे ते महाराष्ट्राचे पोलीस महासंचालक झाले. जुनी दप्तरे पुन्हा चाळली गेली. दोन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या त्या इसमाचे छायाचित्र आणि वर्णन ठाण्याठाण्यांत होते. २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक अॅलेक्स फियालो यांनी दक्षिण मुंबईत रस्त्याने जाणाऱ्या एका माणसाला त्या वर्णनावरून ओळखले. त्यांनी त्याला थांबवले, मोहल्ल्यातल्या दोन प्रतिष्ठित गृहस्थांना पंच म्हणून बोलावले आणि झडती घेतली. चष्मा, दोन फण्या, कात्री, उदबत्तीचे घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद. साऱ्या मुंबईची झोप उडवणाऱ्या माणसाचा संसार एवढाच निघाला. कपड्यांवर रक्ताचे डाग होते. बोटांचे ठसे दप्तरातल्या ठशांशी जुळले.

पकडल्यानंतर तो बोलेना. बरेच दिवस त्याने कुठल्याही प्रश्नाचे उत्तर दिले नाही. शेवटी त्याला काय हवे असे विचारले, तेव्हा त्याने कोंबडी मागितली. पोटभर कोंबडी खाल्ल्यावर त्याने केसांना तेल, फणी आणि आरसा मागितला. मग तो शांतपणे सांगू लागला. १९६८ मधल्या दोन डझनांच्या आसपास खुनांची त्याने कबुली दिली, पोलिसांना जागा दाखवल्या आणि लपवून ठेवलेली लोखंडी कांबही काढून दिली. इथे कायद्याची एक बाजू ध्यानात घ्यावी. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आपल्याकडे न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. मारहाणीच्या भीतीने माणूस काहीही कबूल करील, हे त्यामागचे तत्त्व. मात्र आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग ग्राह्य धरला जातो. म्हणून त्या कांबेचे मोल त्याच्या सगळ्या बोलण्याहून अधिक होते. खटलाही साऱ्या खुनांचा चालला नाही. मालाडजवळ चिंचवली येथे झोपेत मारल्या गेलेल्या दोघांच्या खुनाचा चालला.

२ जून १९६९ रोजी मुंबईच्या सत्र न्यायालयात सुनावणी सुरू झाली, तेव्हा बचावाच्या वकिलांनी आरोपी वेडा असल्याचा अर्ज दिला. इथून पुढे, त्याने खून केले का, हा प्रश्न जवळजवळ मागे पडतो. वेडेपणाचा कायद्यातला अर्थ आणि बोलण्यातला अर्थ एक नव्हे. १८४३ साली इंग्लंडात मॅक्नॉटन नावाच्या इसमाने पंतप्रधान पील समजून त्यांच्या चिटणिसाचा खून केला. तो मनोरुग्ण ठरून सुटला. त्या प्रकरणातून काही नियम ठरले आणि ते आपल्या १८६० च्या दंडसंहितेत कलम ८४ म्हणून आले. आज ते नव्या न्याय संहितेत कलम २२ आहे. मनाच्या विकारामुळे ज्याला आपण काय करतो आहोत हे कळत नाही, किंवा ते गैर अथवा कायद्याविरुद्ध आहे हे कळत नाही, त्याचे कृत्य गुन्हा ठरत नाही. म्हणजे प्रश्न दोन. कृत्य कळत होते का? आणि ते चूक आहे हे कळत होते का?

पोलीस शल्यचिकित्सकांनी त्याला काही आठवडे निरीक्षणाखाली ठेवले आणि तो वेडा नाही असे मत दिले. नायर इस्पितळाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला आर्थर रोडच्या तुरुंगात भेटून, जुनाट स्किझोफ्रेनिया असल्याची साक्ष दिली. त्यात संशयाचा भ्रम प्रबळ होता. न्यायालयाने पहिले मत ग्राह्य धरले आणि फाशी सुनावली. रामन राघवने अपील करायला नकार दिला.

गोष्ट इथे संपली असती तर कुणाला वाईट वाटले नसते. पण सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, मग आरोपीने अपील करो वा न करो. उच्च न्यायालयाने तीन मानसोपचारतज्ज्ञांचे मंडळ नेमण्याचा आदेश दिला. मंडळाने त्याची पाच वेळा, दर वेळी सुमारे दोन तास मुलाखत घेतली. त्यांना जे आढळले ते असे. त्याच्या मते जगे दोन होती, एक हे आपले आणि दुसरे कानूनचे. तो स्वतः कानूनचा प्रतिनिधी होता. देशात अकबराचे, इंग्रजांचे आणि काँग्रेसचे अशी तीन सरकारे असून ती त्याचा छळ करतात, त्याला मोहात पाडतात, त्याला पुरुषाची स्त्री करू पाहतात, असे तो ठामपणे सांगे. शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी निरोप घेताना हात पुढे केला, तेव्हा त्याने तो घेतला नाही. कानूनचा प्रतिनिधी या पापी जगातल्या माणसांना शिवत नाही, हे त्याचे कारण. मंडळाने निष्कर्ष काढला, की आपण माणसे मारतो आहोत हे त्याला कळत होते, पण ते गैर आहे वा कायद्याविरुद्ध आहे हे कळत नव्हते. फाशी जाऊन जन्मठेप झाली. बोरघाटापलीकडे पुण्याला येरवड्याच्या तुरुंगात त्याला ठेवले आणि त्याच्यावर उपचार चालू राहिले. १९९५ साली मूत्रपिंडाच्या आजाराने ससून इस्पितळात तो मेला. अनोळखी माणसांच्या रक्ताने माखलेल्या माणसाला फाशीपासून वाचवण्यासाठी तीन डॉक्टर तासन् तास त्याचे बोलणे ऐकत बसले, याचा काहींना संताप येईल. मलाही आला होता. आजोबांशी बोलेपर्यंत.

१९६८ साली आजोबा तेवीस वर्षांचे होते. विक्रोळीच्या बाजूला एका कारखान्यात कामाला होते आणि घाटकोपरला डोंगराच्या उतारावर आपल्याकडच्या चौघांबरोबर एका खोलीत राहत होते. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. खुनांच्या बातम्या येऊ लागल्या तशी आजीची रवानगी गावी झाली आणि वस्तीतल्या पुरुषांनी गस्त सुरू केली. पाळीपाळीने जागायचे, पत्रे बडवायचे, अनोळखी दिसला की हटकायचे. एका रात्री रुळाच्या कडेला एक माणूस बसलेला दिसला. दाढी वाढलेली, अंगावर फाटकी खाकी चड्डी. नाव विचारले तर नुसता बघत राहिला. दुसऱ्यांदा विचारले, तरी तेच. पाचांपैकी कुणीतरी ओरडले की हाच तो. आजोबांच्या हातात बांबू होता.

सकाळी उजेडात लोकांनी त्याला ओळखले. तो पलीकडच्या वस्तीत वर्षभर दिसणारा मुका वेडा होता, हॉटेलामागे उष्टे खाऊन राहणारा. त्याला इस्पितळात नेले. तो पुन्हा कधी त्या बाजूला दिसला नाही. कुणी तक्रार केली नाही, कुणी चौकशी केली नाही. थोड्याच दिवसांत खरा रामन राघव पकडला गेला आणि वस्तीत पेढे वाटले. आजोबांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही, असे ते म्हणाले.

मी आजोबांना कलम ८४ समजावून सांगत होतो. ते दोन प्रश्न मी त्यांना मोठ्या ऐटीत सांगितले. आजोबा बराच वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, की त्या रात्री आपण माणसाला मारतो आहोत हे त्यांना कळत होते, आणि ते बरोबरच आहे असेही वाटत होते. मला पुढे बोलता आले नाही. तीन डॉक्टरांनी पाच मुलाखती घेऊन जे रामन राघवविषयी लिहिले, तेच आजोबा स्वतःविषयी सांगत होते. फरक एवढाच, की आजोबांना कुठलाही आजार नव्हता. भीती होती, आणि भीती कुठल्याच कलमात बसत नाही. वेड्याला कायद्याने ऐकून घेतले. शहाण्यांनी दुसऱ्या वेड्याला तेवढा अवधी दिला नाही.

आता एक लहानपणापासूनचे कोडे मला सुटले आहे. आजोबांबरोबर खोपोलीहून निघालो, की कर्जतला गाडी बदलताना ते वडापाव घेत. मला एक, स्वतःला एक आणि तिसरा हातात. प्लॅटफॉर्मच्या टोकाला एखादा मळकट, स्वतःशी पुटपुटणारा माणूस बसलेला असे. आजोबा त्याच्यापुढे उकिडवे बसत आणि आधी त्याचे नाव विचारत. तो बोलत नसे. गाडीची वेळ होई, मी त्यांचा सदरा ओढी. आजोबा हलत नसत. वडा हातात धरून ते उत्तराची वाट पाहत बसत.

– तृतीय वर्ष कला